आमच्या माळावरची अमेरिका

अमेरिकेचा नकाशा मला आजही न बघता काढता येतो आणि त्याचा मला आयुष्यात काडीचाही उपयोग झालेला नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय इतिहास. तो का घेतला, तर मराठीच्या वर्गातल्या मुली कवितेला रडायच्या आणि अर्थशास्त्रात आकडे होते. शेवटच्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास असा एक पेपर होता. आमच्या सरांनी पुण्यापलीकडचं काही पाहिलेलं असेल असं वाटत नव्हतं, पण अमेरिका ते अशी काढायचे, की वाटावं, यांच्या चुलत्याची वाटणी चाललीय. पूर्वेच्या किनाऱ्यावर तेरा वसाहती पांढऱ्या खडूनं. मधला भला मोठा पट्टा फ्रान्सकडून विकत घेतलेला, तो पिवळ्या खडूनं. फ्लोरिडा हिरवं, टेक्सास गुलाबी, मेक्सिकोशी लढाई करून घेतलेला मुलूख निळा. तास संपेपर्यंत फळा गच्च भरायचा आणि सरांच्या शर्टाची बाही रंगपंचमी खेळल्यासारखी व्हायची. मग ते फळ्यापासून दोन पावलं मागं सरकून म्हणायचे, की अशा प्रकारे एका शतकात सगळा ओसाड प्रदेश लागवडीखाली आला. आम्ही ते लिहून घ्यायचो.

सर माणूस वाईट नव्हते. तिथं आधीपासून लोक राहत होते, हेही ते सांगायचे. तह झाले, त्या लोकांना नदीच्या पलीकडं सरकवलं, मग वसाहतवाले पलीकडं पोचले तेव्हा आणखी पलीकडं सरकवलं. तहाच्या बदल्यात त्यांना दरसाल घोंगड्या, भांडी, धान्य मिळायचं. हे सगळं सर एकाच सुरात सांगायचे, हजेरी घेतल्यासारखं. तेव्हा सगळेच त्या लोकांना रेड इंडियन म्हणायचे. त्यांची बिऱ्हाडं घोड्यावर असत, असं सरांनी सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी मला ढोसून म्हणाली, की हे तर तुमचेच पाव्हणे निघाले. माझे आईवडील मेंढरं घेऊन फिरतात, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, हो, आणि तुझे वडील ते फ्रान्सवाले, रानात न जाता विकून मोकळे झालेले. त्यांनी नुकतीच गावाजवळची जमीन प्लॉटसाठी दिली होती. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. त्या वर्षी मला कशाचंच फार काही वाटत नसे. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आमची वाडी निमगाव केतकीच्या अलीकडं. भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं विकून शेती धरली होती. कुणी एसटीत लागला, कुणी दूध डेअरीवर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विकली नव्हती. दसरा झाला की आई आणि आबा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे, घाट उतरून कोकणात जायचे आणि वैशाखाच्या अखेरीला परत यायचे. घरी आम्ही तिघं. मी, माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, आणि वहिनी. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. आबा त्या घरात पाहुण्यासारखे उंबऱ्याजवळ बसायचे. त्यांचं घर म्हणजे घरामागचा माळ. तो आमचाच होता, आजोबांकडून आबांच्या नावावर आलेला, कुसळांचा, खडकाळ, सरकारी उताऱ्यावर 'पड' म्हणून लिहिलेला. पावसाळ्याचे चार महिने मेंढरं त्याच्यावर असायची. बाकी आठ महिने आबा दुसऱ्याच्या रानात राहायचे आणि रोज कुणाला तरी विचारून राहायचे, की मालक, मेंढरं बसवायची का. माळावर कुणाला विचारायचं नसे. तो होता म्हणून आमच्याकडं मेंढरं होती. तो गेला तर आबांना वर्षभरात थांबायला स्वतःची म्हणून एक हातभर जागा उरणार नव्हती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दादा हंगामात भवानीनगरच्या बाजूला एका कारखान्याच्या ऊसतोडीच्या कामावर हजेरी मांडायला जायचा. त्याचं लहानपण चुलतीच्या घरी गेलं होतं. शाळा बुडू नये म्हणून त्याला मागं ठेवून आईआबा दरवर्षी निघून जायचे आणि तो रस्त्यापर्यंत रडत जायचा, असं चुलती सांगे. माझ्या वेळेला तो होता, म्हणून मी रडले नाही. मोठेपणी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, की आबांचं चालणं बंद करायचं. चालणाऱ्या माणसांबद्दल तो असा बोलायचा, जशी इतर माणसं दारू पिणाऱ्यांबद्दल बोलतात.

त्या वर्षी कालव्यावरून पाइपलाइन आमच्या वाडीपर्यंत आली. ती आली आणि दादाचं बोलणंच बदललं. संध्याकाळी मी बारामतीहून एसटीनं यायचे, अर्धा वेळ ऊसगाड्यांच्या मागं अडकून, आणि जेवताना तो विचारायचा, आज काय शिकवलं अमेरिकेतलं. त्याला इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. अमेरिका त्याला शेतीच्या सल्ल्यासारखी लागायची. तिथल्या सरकारनं कायदा केला होता, की पडीक जमिनीवर घर बांधा, पाच वर्षं कसा, की ती तुमची. हे ऐकून दादानं घास हातातच ठेवला. असला कायदा आपल्याकडं झाला असता तर माणसं कुठल्या कुठं गेली असती, असं तो वहिनीला म्हणाला. मग त्यानं विचारलं, तिथलं गवत इतकी वर्षं न नांगरलेलं, मग पहिली नांगरट कशानं केली. मी म्हटलं, पोलादी फाळानं. पाणी कुठून आणलं, तर विहिरींवर पवनचक्क्या. कुंपण कशाचं, तर काटेरी तारेचं. प्रत्येक उत्तराला तो मान हलवायचा. मला गंमत वाटायची. सरांना वर्गात एवढं मन लावून ऐकणारं कुणी मिळालं नव्हतं.

"आनी तितली जनावरं?" त्यानं एकदा विचारलं.

मी सांगितलं, की रानगव्यांचे कळप होते, दिवस दिवस सरणार नाहीत एवढे, ते मारून संपवले. वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

माघात एका सकाळी ट्रॅक्टर आला. मी एसटीची वाट बघत रस्त्यावर उभी होते, तिथूनच मला तो माळावर चढताना दिसला. संध्याकाळी परत आले तर अर्धा माळ तांबडा झालेला. दगड वेचायला वहिनी आणि दोन बायका. मी दादाला विचारलं, की आबांना कळवलं का. तो म्हणाला, विचारलं असतं तर आबा नाही म्हणाले नसते, पण हो पण म्हणाले नसते, आणि असंच आणखी दहा वर्षं गेली असती. त्यांनी आता घरात बसून खावं. ऊस उभा राहिला की मेंढरं आपोआप विकतील. तो हे इतक्या मायेनं म्हणाला, की मला भांडता येईना. भांडायची इच्छाही होत नव्हती. मी आत जाऊन नोट्स काढल्या. काही दिवसांनी त्यानं चारी बाजूंनी काटेरी तार ओढली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. पश्चिमेकडील विस्ताराची कारणे व परिणाम लिहा, असा प्रश्न हमखास यायचा, तसा आला. मी कारणं लिहिली, परिणाम लिहिले, नकाशा काढून रंगवला. खिडकीबाहेर कॉलेजच्या ग्राउंडवर उन्हात एक कुत्रं झोपलं होतं. मी पेपर वेळेआधी दिला आणि स्टँडवर येऊन उसाचा रस प्यायले.

वैशाख संपता संपता आईआबा आले. पुढं आबा, मागं मेंढरं, मग सामानाचं घोडं, त्याच्या पाठीवर नुकती जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यात मागं आई. मी आणि दादा रस्त्यावर जाऊन उभे राहिलो होतो. वळणावर मेंढरं नेहमीसारखी आपणहून माळाकडं वळली आणि पळत जाऊन तारेपाशी थटली. मागची पुढच्यांवर चढायला लागली. आबांनी काठी आडवी धरून त्यांना थोपवलं. मग त्यांनी माळाकडं बघितलं. फार वेळ नाही बघितलं. गावातली वाट बदलली की माणूस बघतो, तेवढंच.

दादानं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. पाण्याचं, पाइपलाइनचं, उसाचं, आषाढात लागणीचं. आबांनी सगळं ऐकलं. त्यांनी फक्त विचारलं, आज मेंढरं कुठं बसवायची. दादा म्हणाला, हितंच, नांगरटीतच, रानाला खत होईल. त्यानं तार सोडून वाट केली.

मेंढरं बसवणं म्हणजे काय, ते आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक असतं. पीक निघालेल्या नाहीतर नांगरलेल्या रानात मेंढरं रात्रभर जाळ्यात कोंडून ठेवायची. सकाळी त्यांच्या लेंड्यामुतानं तेवढा तुकडा खताचा होतो. दुसऱ्या दिवशी जाळं पुढच्या तुकड्यात. असं सगळं रान झालं, की शेतकरी धनगराला दाणे देतो आणि धनगर बिऱ्हाड उचलतो. आबा आठ महिने हेच करायचे. कोकणात भातासाठी, आपल्याकडं ज्वारीसाठी.

आबांनी आमच्या माळावर ते काम जसं परक्याच्या रानात करतात, तसं नेटकं केलं. रोज तिसऱ्या प्रहरी जाळं उपटून पुढं लावायचे, एक कोपरा सुटू द्यायचे नाहीत. मी भाकरी घेऊन जायचे. आई दगडाच्या चुलीवर डाळ शिजवत असायची. घरात चूल असताना ती तिथं का शिजवते, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मेंढरं हायत तितंच जेवायचं." त्यात तक्रार नव्हती. आबांनी एकदा विचारलं, की तुझ्या त्या अमेरिकेत मेंढरं आहेत का. मी म्हटलं, आहेत, लाखांनी आहेत. मग त्यांना राखतं कोण, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. सरांनी ते शिकवलं नव्हतं.

मला आशा होती, हे खरं. आबांनी माळावरच्या एका कडेला, जिथं नांगर लागला नव्हता अशा खडकाजवळ, घोड्याचं खोगीर उतरवून ठेवलं होतं आणि वर पाला टाकून आडोसा केला होता. दरवर्षी पावसाळ्यात ते तिथंच राहायचे. मला वाटलं, चला, राहतील. मेंढरं थोडी कमी करतील, बांधाबांधानं चारतील, दादा थोडं रान सोडेल, ओढाताण करत का होईना जमून जाईल. दादालाही तसंच वाटत असणार. तो त्या दिवसांत शीळ घालत फिरायचा.

रान पुरं झालं, त्या सकाळी दादा बैलगाडीत ज्वारीची पोती घालून माळावर आला. बरोबर पायली आणलेली. धुतलेला शर्ट घातला होता. वहिनी मागून आरतीचं ताट घेऊन आली. दादानं हे सगळं मनापासून केलं होतं. बापाकडून फुकट खत घेतलं, असं भावकीनं म्हणू नये, हा एक भाग होता. पण त्याहून जास्त त्याला असं वाटत होतं, की आपण आयुष्यात पहिल्यांदा आबांना काहीतरी देतोय. तो मला गाडीत बसताना म्हणाला होता, की सगळ्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त देणार.

आबांनी पोती बघितली आणि ते म्हणाले, "राहू दे की. कशाला."

"न्हाय आबा," दादा म्हणाला. "रीत हाय."

आबा उभे होते ते खाली बसले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून जमिनीवर पसरली आणि चारी कोपरे हातानं सारखे केले. दादानं पहिली पायली भरून ओतली आणि रिवाजाप्रमाणं एक न म्हणता 'लाभ' म्हटलं. मग दोन, मग तीन. तो मोठ्यानं मोजत होता, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जावं असं. आबा दाण्यांकडं बघत होते. मी आईकडं बघितलं. ती उठली, चुलीतला विस्तव पाणी ओतून विझवला, भांडी पोत्यात भरली आणि घोड्याला खोगीर चढवायला लागली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दादाचं मोजणं थांबलं. त्यानं आईला विचारलं, काय चाललंय. आई म्हणाली, निघायचं ना आता. कुठं, तर तिनं काठीनं इंदापूरच्या दिशेला दाखवलं. तिकडं कुणाचं तरी रान रिकामं होतं म्हणे.

दादा हसला. खरंच हसला, त्याला वाटलं गंमत चाललीय. मग तो आबांना म्हणाला, की ती रीत परक्या रानातली. हे आपलं रान आहे, हितं कशाला उठायचं.

"मग दाणं कशाला मोजलंस?" आबा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं, असंच मला वाटलं. दादाच्या हातात पायली तशीच होती, अर्धी भरलेली. तो म्हणाला, मी परत भरतो, गाडीत टाकतो, तुम्ही घेतलेच नाहीत असं समजा. आबांनी मान हलवली. घोंगडीवर पडलेले दाणे परत घेत नाहीत. ते आमच्या लोकांत कुणीच करणार नाही, दादानंही केलं नसतं. आबांनी घोंगडीचे कोपरे गोळा करून गाठ मारली. उरलेली ज्वारी गाडीतच राहिली. वहिनीनं ताटातलं कुंकू कुणाला लावायचं ते न कळून शेवटी कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढ्याला लावलं. मग मेंढरं दादानं सोडलेल्या वाटेनं रस्त्यावर उतरली.

मला त्या वेळी काय वाटलं, असं लोक नंतर विचारायचे. काही वाटलं नाही. ऊन होतं. मेंढरांची धूळ खाली बसेपर्यंत मी उभी राहिले आणि घरी जाऊन कपडे धुतले. दादा मात्र दुपारभर माळावर बसून होता. तार परत बांधायला उठला तेव्हा दिवस कलला होता.

त्या पावसाळ्यात दादा चार-पाचदा इंदापूरच्या बाजूला जाऊन आला. आबा त्याला जेवायला घालायचे, वहिनीची चौकशी करायचे, तिला तेव्हा दिवस गेले होते. घरी यायला त्यांची ना नव्हती. सणाला आले, उंबऱ्याजवळ बसून पुरणपोळी खाल्ली, संध्याकाळी मेंढरांकडं परत गेले. माळाचा विषय त्यांनी काढला नाही. उताऱ्यावर नाव त्यांचंच होतं, ते बदलायचं असेल तर अंगठा कुठं द्यायचा ते सांग, एवढं एकदा म्हणाले. दादानं ते नाव कधी बदललं नाही. माझा निकाल लागला, अमेरिकेच्या पेपरात मी वर्गात पहिली आले. सरांनी पेढा दिला.

ऊस असा आला, की बघायला माणसं यायची. मेंढरं बसलेलं रान, ते येणारच. पुढच्या वैशाखात तो डोक्याच्या वर गेला होता आणि माळ कुठून कुठपर्यंत होता, ते घरातून दिसेनासं झालं होतं. दादा उसाला पाणी देत होता, मी त्याला चहा घेऊन गेले होते. मेंढरांचा आवाज आला म्हणून आम्ही दोघं तारेपाशी आलो. आई कळपाच्या मागं होती, तिनं लांबूनच मला हात केला. आबा रस्ता सोडून बांधापर्यंत आले आणि बांधाच्या पलीकडंच थांबले. वर्षभरात ते बारीक झाले होते. त्यांनी मुंडाशाला हात लावला, जसा ते कुठल्याही शेतकऱ्यासमोर लावतात. तोंडावर राग नव्हता, चेष्टा तर नव्हतीच.

"मालक," त्यांनी दादाला विचारलं, "औंदा मेंढरं बसवायची का?"

दादानं माझ्याकडं बघितलं, मग मागं उसाकडं. त्याच्या पायांमधून पाणी दुसऱ्या सरीत चाललं होतं.

"ऊस हाय, आबा," तो म्हणाला.

"बरं," आबा म्हणाले, आणि पुढच्या वस्तीवर विचारायला गेले.